केकच्या खोक्याचं झाकण

३१ डिसेंबर, संध्याकाळचे साडेसहा. जागा : आदिलाबाद, आमच्या घराची पुढची खोली. हजर : थोरले दीर, म्हणजे सगळ्या घराचे दादासाहेब, जाऊबाई, माझे यजमान प्रकाश, हैदराबादहून सुट्टीला आलेली आमची मुलगी ऋतुजा, आणि मी. गैरहजर : कोणी नाही. या बैठकीला एखाद्यानं तरी गैरहजर राहावं अशी माझी दरवर्षी इच्छा असते. ती अजून पूर्ण झालेली नाही.

टेबलावर अननसाचा केक, एक सुरी, पाच बशा, काळं पेन. आणि कपाटावरून खाली काढलेलं, गेल्या वर्षीच्या केकच्या खोक्याचं झाकण. ते उलटं ठेवलंय, आतली पांढरी बाजू वर. तिथं माझ्या अक्षरात पाच नावं आहेत आणि पहिलं सोडून प्रत्येकापुढे नव्या वर्षाचा एकेक संकल्प. माझ्या नावापुढे लिहिलंय : 'नोकरी धरणे.' त्याच्या आदल्या वर्षीच्या झाकणावरही तेच आहे. त्याच्याही आदल्या वर्षी तेच. मी भाषांतरकार आहे. दहा वर्षं घरून काम करते, तेलुगूतून आणि जुन्या उर्दू कागदांतून मराठीत. त्या दहातली शेवटची चार वर्षं, दर ३१ डिसेंबरला, माझ्या कामाविरुद्धचा निकाल मी स्वतःच्या हातानं लिहिते आहे. अक्षर चांगलं असण्याची ही शिक्षा.

बाहेर थंडी पडली आहे. आमच्या गावची थंडी दक्षिणेतल्या लोकांना खोटी वाटते. हैदराबादचे मला काम देणारे लोक फोनवर म्हणतात, "मॅडम, तुमच्याकडे स्वेटर लागतं?" लागतं. खोबरेल तेल बाटलीत दगड होतं. सकाळी आठला बाटली उन्हात ठेवणे हे माझ्या हिवाळ्याच्या यादीतलं पहिलं काम. वाड्या-वस्त्यांवर लोक कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून शेकत बसतात आणि त्या धुराचा वास अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो. कापसाच्या गाड्या मार्केट यार्डाकडे रांग लावून उभ्या असतात. रस्त्याच्या बाभळींना, विजेच्या तारांना, माणसांच्या शालींना कापूस चिकटलेला असतो. परगावचे लोक त्याला सुंदर म्हणतात. मला तो नाकात जाऊन शिंका येतात.

आणि ३१ तारखेला केक. हे कधी सुरू झालं कोणी सांगू शकत नाही, पण आता त्या दिवशी केक नेला नाही तर घरात कोणी आजारी आहे का असं विचारतात. बेकऱ्या रस्त्यापर्यंत मांडव घालतात, पांढऱ्या खोक्यांच्या भिंती उभ्या राहतात. तामसीच्या बसमध्ये दर दुसऱ्या माणसाच्या मांडीवर खोकं असतं, आणि बस खड्ड्यातून गेली की सगळे जण आपलं मूल सांभाळावं तसे दोन्ही हातांनी खोकं धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक दारापुढे रंगीत मुग्गू, म्हणजे रांगोळी, त्यात मोठ्या अक्षरात 'हॅपी न्यू इयर'. तेलुगू घर असो, मराठी असो, शब्द तेच. पाडवा आमचा, उगादी त्यांची, दोन्ही एकाच दिवशी येतात, कडुनिंब दोघंही खातात. पण त्या दिवशी कोणी कोणाला सुधारायला जात नाही. सुधारण्याची खुमखुमी जानेवारीतच येते.

*

झाकणाची पद्धत सात वर्षांपूर्वी सुरू झाली. ऋतुजा तेव्हा आठवीत होती. लोक नव्या वर्षाचे संकल्प लिहितात हे तिनं कुठंतरी पाहिलं होतं आणि तिला ते आत्ताच्या आत्ता करायचं होतं. तिनं कागद मागितला. आमच्या घरात कागद म्हणजे माझी याद्यांची वही, आणि माझी वही मी कोणाला देत नाही. तिनं केकचं झाकण फाडलं.

दादासाहेब त्याच वर्षी तहसील ऑफिसातून निवृत्त झाले होते. नोकरी संपली होती, ऑफिस संपलं नव्हतं. त्यांनी झाकण आपल्यासमोर ओढलं आणि नियम सांगितला.

"सोताचा संकल्प सोताच लिहाचा न्हाई. सोता लिहिला तं तो अर्ज होते. दुसऱ्यानं लिहिला तं हुकूम."

"मग कोण लिहिणार?" ऋतुजानं विचारलं.

"आपून सांगू. तुयी माय लिहीन. ज्याचं त्यानं खाली दस्तखत कराची. पुढच्या वर्षी झाकन काढाचं आन् इचाराचं, हुकमाची तामील झाली का न्हाई. झाली तं झाली. न्हाई तं बाकी. बाकी तेच पुन्ना लिहाचं."

पहिलं नाव त्यांचं. वयाच्या क्रमानं यादी करायची तर तेच पहिले येणार. त्यांच्या नावापुढे काय लिहायचं, असं मी विचारलं. जाऊबाईंनी पदर सारखा केला. दादासाहेब म्हणाले, "माह्या नावापुढं काय लिहिता? हुकूम देनाऱ्याले कोन हुकूम देते? कोरं राहू द्या." आणि ते कोरं राहिलं. सात झाकणं झाली, पहिल्या नावापुढची जागा सातही झाकणांवर पांढरी आहे.

बाकीच्यांचे हुकूम निरुपद्रवी असत. प्रकाशला : सकाळी फिरायला जाणे. जाऊबाईंना : सीरियल एकच पाहणे. ऋतुजाला : मोबाइल कमी. पहिली तीन वर्षं मलाही असंच काहीतरी मिळायचं, एका वर्षी 'याद्या कमी करणे' असं मिळालं होतं आणि तो संकल्प मी यादीत लिहून घेतला होता. सगळे हसले होते. मीही हसले होते. आता त्या हसण्याचाही राग येतो.

*

नोकरीवाल्या माणसाचा संकल्प सहानंतर सुरू होतो. दिवस त्याला कोणीतरी आखून दिलेला असतो. उरलेल्या तुकड्यात तो फिरायला जातो किंवा जात नाही, त्याच्या पोटाशिवाय कोणाचं काही बिघडत नाही. घरून काम करणाऱ्याचं तसं नसतं. त्याचा संकल्प थेट त्याच्या अख्ख्या दिवसावर येऊन बसतो. सल्ले देणारेही मग मोकाट सुटतात. पहाटे पाचला उठा. कामाच्या जागी चपला घालून बसा. 'नाही' म्हणायला शिका. हे मला कोण शिकवतं? तोच माणूस, जो २४ डिसेंबरला फोन बंद करून डोंगरावर गेलेला असतो आणि २ जानेवारीला 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' या ओळीखालीच लिहितो, की सोबतची चाळीस पानं उद्या दुपारपर्यंत हवी आहेत.

मी तरी स्वतःची यादी करते. करणारच. पण माझ्या यादीत संकल्प नसतात, कामं असतात. 'जास्त वाचन करणे' हे काम नाही. 'मागच्या खोलीतली ट्यूबलाइट बदलणे' हे काम आहे. ते होतं किंवा होत नाही. मधलं काही नसतं. आणि यादीत एकदा लिहिलेलं, खाली सही केलेलं काम मी सोडत नाही. हा माझा गुण आहे असं मला पन्नाशीपर्यंत वाटत होतं. चार वर्षांपूर्वी कळलं की घरात हा गुण माझ्याखेरीज आणखी एका माणसाला नीट माहीत आहे, आणि त्यानं तो दारामागच्या काठीसारखा हाताशी ठेवला आहे.

*

तो हिवाळा. थंडी आजच्यापेक्षा जास्त होती की मीच जास्त गारठले होते, सांगता येत नाही. हैदराबादच्या एका संस्थेसाठी मी गुलाबी बोंडअळीवरची पुस्तिका मराठीत करत होते, आमच्याच तेलंगण-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांत वाटायची होती. २ जानेवारीला दुपारी बारापर्यंत द्यायची होती. ती वेळेवर गेली तर त्याच मालेतल्या पुढच्या पाच पुस्तिका मला मिळणार होत्या, म्हणजे अख्ख्या वर्षाचं काम. चित्रांखालच्या ओळी तेवढ्या राहिल्या होत्या.

३१ तारखेला झाकण फिरलं. फिरायला जाणे, सीरियल, मोबाइल. मग दादासाहेब म्हणाले, "वंदनाबाई, तुमच्या नावापुढं लिहा : नोकरी धरणे."

मला थट्टा वाटली. "कोणती नोकरी, दादासाहेब?"

"नेरडीगोंड्याले शाळा हाये, प्रायव्हेट. तेलुगू-हिंदी शिकवनारी बाई पाह्यजे त्याईले. म्या बोलून ठेवलं. दोन तारखेले जाऊ."

"दोन तारखेला मला काम आहे."

"कोनतं?"

ते टोमणा मारत नव्हते. खरोखर विचारत होते. सहा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांसमोर काम करत होते, आणि हा माणूस डोळे बारीक करून, अगदी मनापासून विचारत होता : कोनतं?

प्रकाश केकवरच्या चेरीकडे पाहत होता. जाऊबाई म्हणाल्या, "काऊन न्हाई म्हंतं व? सकाळी गेली, संध्याकाळी आली, मान राह्यते. आता तू दिसभर त्या डब्ब्यापुढं बसून राह्यते, आन् लोक मले इचारतात, तुमची जाऊ काय करते? मी काय सांगू?"

"भाषांतर करते, असं सांगा."

"सांगतलं ना एकडाव. ते बाई म्हने, ते बरं होते का औषधानं?"

सगळे हसले. हसणं ओसरायच्या आत दादासाहेबांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं. खाली सही केली. नाही म्हणता आलं असतं. पण समोर यादी होती, यादीखाली सह्यांच्या जागा होत्या, आणि चार सह्यांत एक जागा रिकामी दिसली की माझा हात आपोआप जातो. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई यावर रडली किंवा भांडली असती. मी सही केली आणि केकच्या बशा धुतल्या.

*

२ जानेवारीची सकाळ, निर्मलची बस; नेरडीगोंडा त्याच रस्त्यावर. धुकं इतकं की समोरून येणाऱ्या कापसाच्या गाड्यांचे नुसते दिवे दिसत होते, मग एकदम पांढरा ढीग, मग पुन्हा धुकं. दादासाहेब खिडकीशी, मफलर कानांवरून घट्ट. मी शेजारी, मांडीवर पिशवी. पिशवीत तोवर छापून आलेल्या माझ्या सहा पुस्तिका, सहा वर्षांतल्या कामांची एका पानाची यादी, आणि शब्दांची वही.

या वहीबद्दल सांगायला हवं. निजामाच्या काळातल्या जमिनीच्या कागदांची भाषांतरं माझ्याकडे येऊ लागली तेव्हा त्यातले निम्मे शब्द मला अडायचे. शब्दकोशात सापडायचे नाहीत, सापडले तर ऑफिसातला अर्थ वेगळाच असायचा. दादासाहेबांना तो अर्थ माहीत होता. चाळीस वर्षं ते त्या कागदांत बसले होते. तीन हिवाळे, सकाळी नऊ ते दहा, त्यांच्या अंगणातल्या उन्हात दोन खुर्च्या टाकून त्यांनी मला शब्द सांगितले. सेतवार म्हणजे गावच्या सगळ्या जमिनींचं मूळ रजिस्टर. पहाणी म्हणजे दरसाल कोणतं शेत कोण कसतं आणि त्यात काय पेरलंय त्याची नोंद. एखादा शब्द आला की ते डोळे मिटायचे, आणि तो शब्द ज्या साहेबाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकला त्या साहेबाची नक्कल करायचे. कधी माझ्या हातातून वही घेऊन स्वतःच लिहायचे, बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. जाऊबाई तुरीचे सोले सोलत ऐकत बसायच्या. त्या घरात मी मनापासून सुखी होते असे तेवढेच तीन हिवाळे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

शाळेच्या मालकाला आमच्याकडे करस्पॉन्डंट म्हणतात. त्यांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ढाली होत्या आणि हीटर लावलेला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, दादासाहेबांना चहा सांगितला, आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, पिछले छे साल से क्या कर रहे आप?"

मी पिशवीत हात घातला. पहिली पुस्तिका हाताला लागली होती.

"कुछ नहीं जी," दादासाहेब म्हणाले. "घर पे ही थी."

त्याच वेळी पिशवीतला फोन वाजला. हैदराबाद. सव्वाअकरा झाले होते, चित्रांखालच्या ओळी अजून माझ्याकडेच होत्या. दादासाहेब मान न वळवता म्हणाले, "बंद करा ते."

मी बंद केला. पुस्तिका पिशवीतच राहिली. करस्पॉन्डंटनी मला आठ तासांचं छापील वेळापत्रक दिलं, सोमवारपासून यायला सांगितलं, आणि वर म्हणाले, घरी बसून बायकांची सवय मोडते, दोन आठवडे जड जाईल, मग जमेल. मी वेळापत्रकाची चौघडी घातली.

बसथांब्यावर आम्ही उभे होतो. महामार्गावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गार वारा अंगावर येत होता.

"मी सोमवारी येणार नाही," मी म्हणाले.

"दस्तखत केली तुमी."

"केकच्या खोक्यावर केली, दादासाहेब."

"खोका कायचा बी असो. दस्तखत दस्तखत असते."

"आणि माझ्या वहीत तुमच्या अक्षरातले शब्द आहेत, ते काय असतं? तीन हिवाळे तुम्ही मला शिकवलंत. ते सगळं मी घरी बसून लोणच्यात घातलं?"

त्यांनी मफलर सारखा केला. "ते काम थोडीच होतं, बाई. रिटायर झालो होतो, टाइम जायाचा म्हनून सांगत होतो."

बस आली. मी पुढच्या दारानं चढले, ते मागच्या. चाळीस मिनिटं मी पुस्तिकेच्या ओळी मांडीवर लिहीत होते. गाडी हलत होती आणि अक्षर माझं वाटत नव्हतं. घरी येऊन तीन वाजता मी सगळं पाठवलं, तीन तास उशिरा. संस्थेच्या बाईंचा फोन तीन दिवसांनी आला : मॅडम, आम्ही सगळे सुट्टीवरच होतो, फाइल आज उघडली. सकाळचा फोन शुभेच्छांचा होता. पुढच्या पाच पुस्तिका मला मिळाल्या.

म्हणजे काही बिघडलं नाही. हेच मला प्रकाश समजावतो. काही बिघडलं नाही ना, मग जाऊ दे ना. गेल्या चार वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते पंख्याच्या आवाजासारखं झालंय. बंद पडलं तरच लक्षात येईल.

*

बोंडअळीची ती पुस्तिका मला एकदाच बाहेर भेटली. तामसीच्या बसमध्ये. एका बाईनं तिची मधली पानं मांडीवर पसरली होती आणि त्यावर ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. चित्राखालच्या माझ्या ओळीवर टरफलं पडत होती. ती ओळ मी नेरडीगोंड्याच्या रस्त्यावर हलत्या बसमध्ये लिहिली होती. कोणाच्या तरी मांडीपर्यंत पोचली, एवढी नोंद वहीत करून ठेवली.

वहीतले शब्द मात्र तेव्हापासून थांबले आहेत. नवा कागद येतो, शब्द अडतो, मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करून पुढे जाते आणि इकडून तिकडून अर्थ जमवते. अकरा प्रश्नचिन्हं झाली आहेत. दादासाहेबांचं घर इथून चौथं. सकाळी नऊला त्यांच्या अंगणात ऊन येतं, एक खुर्ची असते. मी जात नाही, ते बोलावत नाहीत. सणाला एकमेकांच्या घरी जातो, तिळगूळ देतो, गोड बोला म्हणतो आणि गोड बोलतो. दोघांचीही तब्येत उत्तम आहे.

*

आता आजची बैठक. जुनं झाकण हातात घेऊन दादासाहेबांनी हजेरी सुरू केली. केस सगळे पांढरे झालेत, आवाज तोच.

"प्रकाश. फिराले जाणे. तामील?"

"सप्टेंबरपर्यंत गेलो."

"अर्धी." मग जाऊबाईंकडे. "सीरियल एकच?"

"एकच पाह्यते मी. दिसभर चालते ते."

"वंदनाबाई. नोकरी धरणे."

"बाकी," मी म्हणाले. चार वर्षांत हा शब्द म्हणायची मला चांगली सवय झाली आहे. आवाज हलत नाही.

"बाकी," त्यांनी मान डोलावली. "लिहा मंग पुन्ना."

मी नवं झाकण ओढलं. वयाच्या क्रमानं पाच नावं लिहिली. ऋतुजाचं नाव शेवटी. तिचं शिक्षण मे महिन्यात संपतं. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. दोन प्रकाशकांचं काम आत्ताच तिच्या हातात आहे आणि कॉलेजात नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्यांपुढे बसणार नाही असं तिनं आम्हाला कळवून टाकलं आहे. प्रकाशनं हे काल दादासाहेबांना सांगितलं असणार. तो असं सांगतो, वाईट हेतू नसतो.

"या पोरीपासून सुरू करू," दादासाहेब म्हणाले. "लिहा. ऋतुजा : नोकरी धरणे."

"पण मोठे बाबा," ऋतुजा म्हणाली, "मी काम करूनच राह्यले ना."

दादासाहेबांनी डोळे बारीक केले. अगदी मनापासून.

"कोनतं?"

पेन माझ्या हातात होतं. मी ऋतुजाच्या नावापुढे काही लिहिलं नाही. वर गेले, पहिल्या नावापाशी, सात वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत. तिथं काय लिहायचं हे मी चार हिवाळे ठरवत होते. कितीतरी मजकूर करून पाहिले होते, भांडी घासताना, भाकरी थापताना, काही इतके जहरी की ते झाकणावर मावले नसते. हाताला शेवटी एकच साधं काम आलं, होतं किंवा होत नाही असं. लिहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं :

"दादासाहेब : नेरडीगोंड्याच्या शाळेत जाऊन सांगणे, की वंदना सहा वर्षं घरी बसलेली नव्हती, कामावर होती."

"व माय!" जाऊबाई म्हणाल्या.

बाहेर कुठंतरी पोरांनी फटाका लावला. ऋतुजा माझ्याकडे पाहत होती, मी झाकणाकडे.

"असं न्हाई चालत," दादासाहेब शेवटी म्हणाले. "त्या जागी कोनी लिहीत नसते."

"स्वतः लिहिलं तर अर्ज," मी म्हणाले. "दुसऱ्यानं लिहिलं तर हुकूम. नियम तुमचाच आहे. दस्तखत करा."

मी झाकण त्यांच्यापुढे फिरवलं. पेन टेबलाच्या मध्यावर ठेवलं. प्रकाशनं ते एका बोटानं त्यांच्याकडे सरकवलं. केकवरच्या चेरीकडेच पाहत होता. पण पेन सरकवलं, याची नोंद मी केली आहे.

दादासाहेबांनी पेन उचललं. झाकण जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

"चष्मा घरी राह्यला," ते म्हणाले.

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. काडी बाहेर आलेली. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होती.

"घरी नेतो झाकन. वाचून पाह्यतो नीट." आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारून गेले. केक अर्धाच खाल्ला गेला. जाऊबाई जाताना दारात म्हणाल्या, "तू बी ना वंदना," आणि चपला घालायला लागल्या.

*

आज संक्रांतीच्या आधीचा रविवार. नेरडीगोंड्याची दोन तारीख येऊन गेली. सकाळी त्यांच्या घरावरून गेले तेव्हा अंगणात ऊन होतं, खुर्चीत दादासाहेब होते, डोळ्यांवर चष्मा होता, मांडीवर झाकण होतं. त्यांनी मला पाहिलं आणि झाकण पालथं केलं. मी थांबले नाही.

आजची यादी. खोबरेल तेल उन्हात ठेवणे, झालं. तिळाचा पाक, झालं. हैदराबादची चौदा पानं पाठवणे, झालं. ऋतुजाची बॅग बसमध्ये चढवून देणे, झालं. तिच्या नावापुढे यंदा काहीही लिहिलेलं नाही आणि मी लिहिणार नाही. दादासाहेबांची दस्तखत : बाकी.